फळ्याची उजवी बाजू

सोमवार, ४ डिसेंबर

वेताच्या खुर्च्या आज गॅलरीत काढल्या. आमच्या घरी थंडी कॅलेंडर बघून येत नाही, या खुर्च्या बाहेर निघाल्या की येते. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागून ऊन वर सरकतं. आधी कठड्यावर, मग हिच्या पायांवर, मग माझ्या. क्रम ठरलेला आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण उन्हाने एकदाही आधी माझ्याकडे पाहिलेलं नाही.

ही मटार सोलत होती. मी पाचवीच्या पुस्तकातली होडीची कविता काढली. 'सरसर सरसर शिडात शिरला सकाळचा वारा,' एवढं म्हणून थांबलो. दुसरी ओळ हिची असते. 'सागर हसला, सरकत गेला मागे किनारा.' एक ओळ मी, एक ओळ ही, असा आमचा जुना खेळ. गेल्या हिवाळ्यापासून तिने तो सोडलाय. आजही मटारच्या शेंगेकडेच बघत राहिली. कंटाळली असेल. एका बाईने किती वर्षं तोच किनारा मागे सारायचा?

शेवटचा खेळलो तेव्हा तिचे पुढचे दोन दात नुकतेच गेले होते आणि 'सागर'च्या जागी चक्क शिट्टी वाजली! मी इतका हसलो की खालच्या वॉचमनने वर पाहिलं. वाचनालयात रोज भेटणाऱ्या वकिलांनाही साभिनय ऐकवलं. काय मजेचे दिवस होते. हल्ली तसं काही घडत नाही.

मटार संपल्यावर ही म्हणाली, "अहो, याला काही शब्द असेल का?"

"कशाला?"

"हे असं थंडीत बसलं की अंगात मुरतं ते."

"कोवळं ऊन."

"ऊन नाही हो. ऊन तर ते कठड्यावर पडलंय. मी त्याच्या उबेचं म्हणतेय. इंग्रजीत तरी असेल का?"

"प्रत्येक गोष्टीला शब्द कशाला हवा? बस की नुसती," मी म्हणालो आणि तिसरीतली पाखरांची कविता सुरू केली.

बुधवार, ६ डिसेंबर

आज मन थाऱ्यावर नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी जन्मभर पाट्या रंगवल्या. या भागातल्या निम्म्या दुकानांवर माझी अक्षरं होती. आता छापील प्लास्टिक आलं आणि माझी अक्षरं भंगारात गेली. उरला तो वाचनालयाच्या दारातला फळा. रोज सकाळी मी त्यावर शाळेतल्या कवितेच्या दोन ओळी लिहितो. येणारे जाणारे थांबतात, ओठ हलवतात, कुणी म्हणतं, "पेंटरकाका, ही आम्हाला सहावीला होती." बस. तेवढ्यावर माझा दिवस निघतो.

गेल्या महिन्यात ग्रंथपालबाईंनी फळ्याच्या मधोमध खडूची रेघ मारली. डावी बाजू माझी. उजवी बाजू दातांच्या डॉक्टरांची. डॉक्टर आता निवृत्त आहेत, दवाखाना सून चालवते, आणि यांना छंद आहे दुर्मीळ इंग्रजी शब्दांचा. शब्द, अर्थ, उगम. चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या तोंडात हत्यारं घालून त्यांना शब्दांचे उगम सांगत होता. तोंड उघडं ठेवलेला माणूस काय आक्षेप घेणार? त्यामुळे आपण फार रंजक बोलतो असा त्यांचा समज झालेला आहे.

आणि दुःख असं की तो समज खरा ठरतोय. सगळी गर्दी उजवीकडे. गेल्या आठवड्यात होता 'डिफेनेस्ट्रेशन', म्हणजे एखाद्याला खिडकीतून बाहेर फेकून देणे. लॅटिनमध्ये खिडकीला 'फेनेस्ट्रा' म्हणतात, त्यावरून. हा एक शब्द मला आवडला. डॉक्टरांकडे बघत बघत आवडला.

आज त्याच्याही पुढची पायरी. बाई म्हणाल्या, "पेंटरकाका, डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. कुणाला लागत नाही. तुम्हीच लिहून द्याल का त्यांची बाजू?"

म्हणजे ओळी माझ्या आणि शब्द त्याचे, पण हात दोन्हीकडे माझाच. नाही म्हणायला हवं होतं. डॉक्टर शेजारी उभे, पांढराशुभ्र शर्ट, सगळे दात स्वतःचे. म्हणाले, "तुमच्या हातचं अक्षर म्हणजे माझ्या शब्दांचं भाग्य."

वाईट लिहायचा खूप प्रयत्न केला. हाताला येत नाही.

मंगळवार, १२ डिसेंबर

ही भाजी आणायला म्हणून गेली. मी गॅलरीतून बघत होतो, सहज. भाजीवाल्याच्या गाडीला वळसा घालून ती समोरच्या इमारतीत शिरली. डॉक्टरांच्या. त्या दारावरची पाटी एके काळी मी रंगवली होती, दाढेचं हसरं चित्र काढून. सुनेने ती काढून दिव्याची पेटी लावलीय, त्यात दाढ अशी दिसते जणू फ्लॉवरचा गड्डा. असो. त्या पेटीखालून ही आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. तोंडावर हात. हसू लपवत असावी.

घरी आल्यावर विचारलं, "भाजी कुठाय?"

"चांगली नव्हती," असं काहीसं म्हणाली. शब्द नीट फुटत नव्हते. खोटं बोलायची सवय नाही ना, जीभ जड होते माणसाची.

पिशवीत एकही काडी नव्हती. दुपारी तिने नुसता मऊ भात खाल्ला, तोही एका गालाने.

शुक्रवार, १५ डिसेंबर

पुन्हा गेली. या वेळी केस नीट विंचरून.

वकिलांना आडून विचारलं, "एखादी बाई वारंवार एखाद्या घरी जात असेल, आणि घरी सांगत नसेल, तर कायदा काय म्हणतो?"

वकील म्हणाले, "कायदा म्हणतो की बाईचं वय विचारा."

मी वय सांगितलं. वकील चहा सांडेपर्यंत हसले. यांना काही सांगण्यात अर्थ नाही.

शनिवार, १६ डिसेंबर

आज उजवीकडे लिहायला डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. मी खडू उचलला, वाचलं आणि हात तसाच राहिला.

'ॲप्रिसिटी. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी कोशात हा शब्द सापडतो. लॅटिनमधल्या 'ॲप्रिकस'पासून, म्हणजे उन्हाने भरलेली जागा. त्याच्याही मागे उघडण्याचं क्रियापद असावं, असं काहींना वाटतं. गंमत अशी की कोशकारांनी हा शब्द जपला, पण तो वापरणारे फारसे कुणी झालेच नाहीत.'

आमचं ऊन! आमच्या दोन खुर्च्यांमधलं! चोराने खिशातून पाकीट काढावं तसं याने ते उचलून फळ्यावर टांगलं, आणि टांगायला हात कुणाचा, तर माझा. आता आठवतं, डॉक्टर सकाळी त्यांच्या खिडकीत उभे असतात. अंधाऱ्या खिडकीत, हातात कप, आमच्या गॅलरीकडे तोंड करून. मला वाटायचं कबुतरं बघतात.

मी लिहिलं. सुंदर लिहिलं. 'प्रि'ची वेलांटी अशी बसली की पाट्यांच्या दिवसांत ती बघायला गिऱ्हाइकं थांबली असती.

घरी हिला सांगितलं. जरा जपूनच सांगितलं, चेहरा बघत. तर ही उठून उभी राहिली! डोळे असे चमकले की विचारू नका.

"सापडला? ॲप..." म्हणाली आणि पुढचा शब्द तोंडावरच्या हातात अडकला.

सापडला, म्हणाली. बघा. म्हणजे यांची चर्चा झालेली आहे.

मी जन्मभर हिला कविता दिल्या. होडीची, पाखरांची, आंधळ्या भिकाऱ्याची, दिवाणखान्यातल्या घड्याळाची. त्या डोळ्यांत ही चमक मी शेवटची कधी पाहिली ते आठवत नाही. आणि तो एक शब्द देतो, तोही उसना, तोही चारशे वर्षं पडून राहिलेला.

सोमवार, १८ डिसेंबर

युद्ध म्हणजे युद्ध. काल दिवसभर शब्दकोश घेऊन बसलो होतो, चष्म्यावर भिंग धरून. आणि घबाड हाती लागलं! ॲप्रिकॉट म्हणजे जर्दाळू. ॲप्रिकस, ॲप्रिकॉट. उन्हाने भरलेली जागा आणि उन्हात पिकलेलं फळ. हे मला सुचलं, डॉक्टरांना चाळीस वर्षांत सुचलं नाही.

आज डाव्या बाजूला कवितेला सुट्टी दिली आणि लिहिलं: 'जर्दाळू हा ॲप्रिसिटीचा सख्खा भाऊ. दोघांची आई एकच.' खाली जर्दाळूचं चित्र काढलं, गालावर ऊन पडलेलं. रेघ मारल्यापासून पहिल्यांदाच गर्दी डावीकडे झाली. शेवटी डॉक्टर आले. वाचलं. बराच वेळ वाचलं.

"वा," म्हणाले. "फार सुंदर कल्पना आहे."

पडलेला चेहरा लपवायला माणूस असंच काहीतरी बोलतो.

बुधवार, २० डिसेंबर

ग्रंथपालबाईंनी कपाटातला तो मोठा कोश काढला. तो काढायला शिडी लागते. जर्दाळूचा भाऊबिऊ कुणी नाही. तो शब्द लॅटिनमधल्या 'लवकर पिकणारं' अशा शब्दापासून निघाला, अरबांच्या बाजारातून फिरून युरोपात परत आला. उन्हाच्या शब्दाशी त्याचा चेहरा जुळतो, रक्त नाही. फार तर स्पेलिंगवर त्याची सावली पडली असेल.

वकील म्हणाले, "पेंटर, सख्खा भाऊ म्हणून दाखवलात, हा तर शेजारीही निघाला नाही!"

सगळं वाचनालय हसलं. घरी येऊन हिच्यापुढे मन मोकळं केलं, तर ही शांतपणे म्हणते, "मला माहीत होतं."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी. सोमवारीच. म्हणाले, त्यांना सांगू नका, इतकं छान चित्र काढलंय, पुसून टाकतील."

चूक काढली असती तर मी भांडलो असतो. हसला असता तर बोलणंच सोडलं असतं. पण या माणसाने मला माफ केलं. मला न विचारता! आणि त्यात माझ्या बायकोला सामील करून घेतलं.

जर्दाळू पुसला. फडकं भिजवून दोनदा पुसला.

रविवार, २४ डिसेंबर

ऊन आलं. खुर्चीत मी एकटाच. ही न्हाणीघरात, दार लावून. आतून कुजबुज ऐकू येते, थांबून थांबून, एकच काहीतरी पुन्हापुन्हा. मी खोकलो की बंद. मी म्हटलं फोनवर असेल, तर फोन टेबलावर.

हिच्या उशाशी हल्ली एक पेला असतो, बशीने झाकलेला. "त्याला हात लावायचा नाही," अशी ताकीद आहे. औषध असावं. एकाच घरात आता झाकलेल्या वस्तू होऊ लागल्या.

लेकीचा फोन आला. म्हटलं, "तुझ्या आईचं काहीतरी चाललंय."

लेक म्हणाली, "चालू दे ना बाबा. तुम्ही जरा कमी लक्ष द्या."

म्हणजे तिलाही ठाऊक आहे! सगळ्या जगाला ठाऊक आहे. मी एकटा गॅलरीत.

बुधवार, २७ डिसेंबर

आज ऊन हिच्या रिकाम्या खुर्चीवर आधी गेलं, नेहमीसारखं. तिथे बसून राहिलं. मग माझ्याकडे आलं, पण कसं, तर एखाद्याला बघायला जायचंच आहे म्हणून जावं तसं.

शुक्रवार, २९ डिसेंबर

जाऊन आलो. घाईत लिहितोय, अक्षर बिघडलं तर बिघडो.

ही निघाली तसा मीही मागोमाग निघालो. ती दिव्याच्या पेटीखालून आत गेली. मी वाक्य जुळवत दवाखान्याच्या वरच्या डॉक्टरांच्या घराचा जिना चढलो. 'डॉक्टर, आपण दोघंही म्हातारे आहोत,' असं सुरू करायचं, मग आवाज चढवायचा.

दार डॉक्टरांनीच उघडलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. उत्तरेकडची खोली, दिवसाही दिवा लागलेला. भिंतभर कोश. टेबलावर बायकोचा फोटो, आणि त्यापुढे, हे बघून मी वाक्य विसरलो, मी पुसलेल्या जर्दाळूचा फोटो, मोबाइलवर काढून कागदावर छापलेला.

"या पेंटर. शाल काढू नका, इथे ऊन येत नाही. हिवाळाभर येत नाही."

"तुम्ही आमच्या गॅलरीकडे बघता," मी एकदम म्हणालो.

"बघतो ना," ते म्हणाले. लाजही नाही. "दुसरं काय बघू? ऊन निघतं आमच्याच टाकीमागून. तुमच्याकडे पोचलेलं मला इथून दिसतं. मधली सावली तेवढी माझी. तुम्ही हात हलवून काहीतरी म्हणत असता. काय म्हणता हो?"

"कविता."

"अस्सं." त्यांनी बायकोचा फोटो जरा सरळ केला. "आमच्या हिला बागेत बसायचं असायचं. सकाळी अर्धा तास या म्हणायची. सकाळी माझे पेशंट असायचे."

मला आवाज चढवायचा होता तो तिथेच राहिला. तरी विचारलं, "मग तो शब्द? तो आमच्यावरून का लिहिलात?"

डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं दुखत नसलेला दात दाखवायला आलेल्या माणसाकडे बघावं.

"मी कुठला लिहितोय? मागणी तुमच्या घरूनच आली. वहिनी म्हणाल्या, आमचे हे शब्दांचे शौकीन, पण एका गोष्टीला त्यांच्याकडे शब्द नाही. मला त्यांना द्यायचाय. मी तीन दिवस कोश उपसले. सापडला तेव्हा वाटलं, हा आपल्याला ठाऊक होता की! तरुणपणी वाचून पाठ केला होता. पण वापरणार कुठे? असा शब्द नुसता माहीत असून काय करायचं, पेंटर?"

खालून यंत्राचा घुर्रर आवाज आला. मग सुनेचा: "काकू, आता जीभ वर लावून म्हणा बघू. सा!"

आणि हिचा आवाज: "सा... साग..."

मी जिना कसा उतरलो ठाऊक नाही. दवाखान्याच्या दारात पोचलो तर ही खुर्चीत आडवी, तोंडावर दिवा. मला बघून तिने हातानेच हाकललं.

"आत्ता नाही! घरी जा," असं तोंड उघडं ठेवून म्हणाली. सून हसायला लागली.

मी घरी गेलो.

रात्री विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर सकाळी फळ्यावर आलं असतं," ही म्हणाली. "आधी शिट्टी सगळ्या वाचनालयाने ऐकली, मग दातही ऐकले असते."

बशीने झाकलेला तो दातांचा पेला आता उघडाच असतो.

मंगळवार, २ जानेवारी

ऊन कठड्यावर आलं, हिच्या पायांवर आलं. मी होडीची कविता काढली. खरं तर काढायची हिंमत होत नव्हती, पण तीच तोंडात आली.

'सरसर सरसर शिडात शिरला सकाळचा वारा.'

थांबलो. रस्त्यावर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.

'सागर हसला,' ही म्हणाली, सावकाश, एकेक अक्षर पाय ठेवायच्या आधी चाचपावं तसं, 'सरकत गेला मागे किनारा.'

मग तोंडावरचा हात काढून म्हणाली, "वाजली का?"

"नाही."

"नीट ऐकलंत?"

"पुन्हा म्हण."

पुन्हा म्हणाली. पुन्हा म्हणून घेतली. तिसऱ्या वेळी ती मोठ्याने हसली आणि खालच्या वॉचमनने वर पाहिलं. नवे दात जरा मोठेच बसलेत, पण ते मी सांगितलं नाही आणि फळ्यावरही येणार नाही.

मग म्हणाली, "ॲप्रिसिटी." अगदी स्वच्छ म्हणाली. डॉक्टरांपेक्षा स्वच्छ.

समोर अंधाऱ्या खिडकीत डॉक्टर उभे होते, हातात कप. आता कबुतरं नव्हेत हे मला ठाऊक होतं. ही म्हणाली, "बोलवा ना त्यांना. एकटेच आहेत."

हे मला आवडलं नाही, असं इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. हिच्या तोंडी दात त्यांच्या घरचे, शब्द त्यांच्या कोशातला, आणि आता खुर्चीही? पण तो टेबलावरचा जर्दाळू काही डोळ्यांपुढून हलेना.

आत जाऊन तिसरी खुर्ची आणली, लाकडी, जरा डगमगणारी. हात हलवून डॉक्टरांना बोलावलं. ते इतक्या लगबगीने आले की पायात चपला दोन जोडांच्या होत्या.

खुर्ची मी भिंतीकडच्या कोपऱ्यात ठेवली, सावलीत. थोड्या वेळाने ऊन सरकत बरोबर तिथे जातं आणि मग सगळ्यात शेवटपर्यंत तिथेच थांबतं, हे मला ठाऊक आहे.

त्यांना सांगितलं नाही. कळेल आपोआप.